शहर आवडायला लागतं, तेवढ्यात करार संपतो

लाफ्काडिओ हर्न १८९० च्या ऑगस्टअखेरीस जपानमधल्या मात्सुए शहरात इंग्रजी शिकवायला पोहोचला. तेव्हा तो चाळिशीचा होता, खिसा रिकामा होता आणि ज्या अमेरिकी प्रकाशनासाठी जपानला आला होता त्यांच्याशी बिनसलेलं होतं. शिमाने प्रांताने त्याला सरकारी माध्यमिक शाळेत आणि शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलमध्ये नेमलं. पगार महिना १०० येन, त्या काळी चांगलाच घसघशीत. सव्वा वर्षात, नोव्हेंबर १८९१ मध्ये, तो कुमामोतोला निघून गेला. मात्सुएची थंडी सोसवेना आणि तिकडे पगार दुप्पट होता. पण त्या सव्वा वर्षात जे जुळलं ते सुटलं नाही. तिथल्याच एका जुन्या सामुराई घराण्यातल्या कोइझुमी सेत्सुशी त्याने संसार थाटला, पुढे १८९६ मध्ये जपानी नागरिकत्व घेतलं आणि त्या वेळी घेतलेलं 'याकुमो' हे नावही मात्सुएच्या परिसरातल्या, म्हणजे इझुमोच्या, एका पुरातन कवितेतलं होतं. किल्ल्याच्या खंदकाकाठचं त्याचं घर आणि शेजारचं स्मारक संग्रहालय शहराने आजही जपलं आहे.

ही हकिकत सांगताना सहसा हर्नच्या हळव्या स्वभावाचं कौतुक होतं. माझा मुद्दा वेगळा आहे. त्याला नोकरी कशी मिळाली होती ते पाहा. नेमणूक थेट प्रांत सरकारची. शाळा दोनच, आणि त्या ठरलेल्या. शाळेतला मुख्य शिक्षक निशिदा सेन्तारो उत्तम इंग्रजी बोलणारा, अडीअडचणीला धावून येणारा. राहायला वस्तीतलं घर, शाळेपर्यंतचा रोजचा रस्ता ठरलेला. हळवा माणूस कुठेही हळवाच असतो. मात्सुएने त्याला हळवं व्हायला जागा दिली, ती या नोकरीच्या मांडणीतून. परक्या शहराशी शिक्षकाचं नातं जुळणं हा नशिबाचा भाग कमी आणि कराराच्या कलमांचा भाग जास्त असतो. म्हणूनच आज जपानमधली शेकडो शिक्षण मंडळं परदेशी इंग्रजी शिक्षकांच्या नेमणुका ज्या पद्धतीने करतात, ती बदलायला हवी असं मला वाटतं.

आजची व्यवस्था थोडक्यात अशी. सरकारी शाळांत परदेशी व्यक्ती येते ती बहुधा सहायक भाषा शिक्षक म्हणून; सगळे तिला एएलटी म्हणतात. तिच्या नेमणुकीचे ढोबळ मार्ग तीन. पहिला जेट, म्हणजे १९८७ मध्ये सुरू झालेला सरकारी कार्यक्रम. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले होते. आता दरवर्षी पाच-सहा हजार जण कामावर असतात. दुसरा, नगरपालिकेच्या किंवा प्रांताच्या शिक्षण मंडळाने स्वतः केलेली नेमणूक. तिसरा, खासगी कंपनीमार्फत. या तिसऱ्याचे पुन्हा दोन पोटप्रकार: 'हाकेन', म्हणजे कंपनीने माणूस पाठवायचा आणि शाळेने त्याला काम सांगायचं, आणि 'ग्योमु इताकु', म्हणजे काम करून देण्याचा सगळा ठेकाच कंपनीकडे.

वरून तिन्ही सारखे दिसतात. गळ्यात ओळखपत्र, हातात चित्रांची कार्डं, वर्गात "गुड मॉर्निंग, एव्हरीवन". फरक शिक्षकांच्या खोलीत कळतो. जपानी शाळेत तास सुरू होण्याआधी जपानी शिक्षक आणि एएलटी पाच-दहा मिनिटं उभ्या उभ्याच बोलून घेतात. आज कुठलं पान, संवाद कोण वाचणार, मागच्या बाकावरचा मुलगा काल रडला होता त्याला आज उभं करू नकोस. दोघांनी मिळून शिकवायचं तर हे दहा मिनिटांचं बोलणं हाच त्याचा कणा. ग्योमु इताकुच्या करारात नेमकं हेच बसत नाही. ठेका कंपनीचा असल्यामुळे सूचना फक्त कंपनीने द्यायच्या. शाळेतल्या शिक्षिकेने थेट सूचना दिली की ती ठेक्याच्या नावाखाली लपवलेली मजूर-पुरवठ्याची पद्धत ठरते आणि कामगार खातं त्याला हरकत घेऊ शकतं. म्हणजे शेजारी उभ्या बाईंनी "हा संवाद पुन्हा एकदा म्हण" असं सांगणंही नियमाच्या काठावरचं. प्रत्यक्षात बाई सांगतात, शिक्षक ऐकतो, आणि दोघंही कानाडोळा करतात. काही ठिकाणी मात्र नियम अक्षरशः पाळतात, आणि तिथे धड्याचा कागद कंपनीच्या कार्यालयातून फिरून येतो.

हाकेनमध्ये सूचनेची अडचण नाही, पण मुदतीची आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर पाठवलेला एकच माणूस एकाच विभागात तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्यात शिक्षण मंडळं दर काही वर्षांनी, कुठे दरवर्षी, निविदा काढतात. कमी बोलीची कंपनी आली की एप्रिलमध्ये शाळा तीच, मुलं तीच, माणूस मात्र नवा. जुना कुठे गेला हे मुलांना कुणी सांगत नाही. बोली कमी ठेवायची तर कपात पगारातूनच होणार. जाहिराती महिना दोन-अडीच लाख येनच्या असतात, पण ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून पगार अर्ध्यावर, हिवाळी आणि वसंताच्या सुटीतही कात्री. आठवड्याचे तास साडेएकोणतीस दाखवण्याची युक्तीही जुनी आहे. मोठ्या कंपन्यांसाठी मर्यादा वीस तासांवर येण्याआधी, तीस तासांच्या आसपास गेलं की आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनात मालकाला वाटा भरावा लागे, म्हणून तो अर्धा तास कागदावरून गायब होई. शाळेत माणूस बसलेलाच असे.

आता शहराकडे वळू. माणूस शहराचा कसा होतो हे पाहिल्याशिवाय या कलमांचं खरं मोल कळणार नाही.

पर्यटक शहराची ठिकाणं बघतो. शिक्षकाला शहराचं वेळापत्रक पाळावं लागतं. राहायला आल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा, निवासी कार्डाच्या मागे तो छापून घ्यायचा. त्याशिवाय बँकेचं खातं नाही, फोन नाही. घर भाड्याने घ्यायचं तर अनामत, शिवाय घरमालकाला परत न मिळणारी 'रेइकिन', जामीनदार किंवा जामीन कंपनीची फी, पहिल्या महिन्याचं भाडं आणि दलालाची दलाली. सगळं धरून चार-पाच महिन्यांचं भाडं आधीच हातात लागतं. शिक्षण मंडळाने घर मिळवून दिलं किंवा आधीच्या शिक्षकाचं घर चालवायला दिलं, तर हा डोंगर एका सहीने उतरतो. ठेक्यावरच्या शिक्षकाला तो बहुधा एकट्यानेच चढावा लागतो, आणि पहिला पगार व्हायला महिना-दीड महिना असतो.

मग येतो कचरा. हसू नका, परक्या माणसाचं शहराशी पहिलं खरं बोलणं इथेच होतं. जळणारा कचरा बहुतेक गावांत आठवड्यातून दोनदा, प्लॅस्टिकची वेष्टनं वेगळ्या दिवशी, बाटल्या-डबे महिन्यातून एक-दोनदा. पुष्कळ ठिकाणी पिशवी नगरपालिकेने ठरवलेलीच हवी. सकाळी आठच्या सुमारास, ठरलेल्या जागी, कावळ्यांसाठी टाकलेल्या जाळीखाली. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडी उचलत नाही. तिच्यावर चिकटपट्टी लावून ती तिथेच सोडते, आणि सगळ्या गल्लीला कळतं कुणाची. तेव्हा शेजारच्या आजी दार वाजवून कॅलेंडर समजावून सांगतात आणि दुसऱ्या महिन्यापासून मुळ्याची जुडी दारात ठेवायला लागतात. ओळखीला निमित्त लागतं, आणि निमित्त मिळायला त्या पत्त्यावर टिकावं लागतं.

शाळा हे दुसरं निमित्त. दुपारचं जेवण मुलांबरोबर वर्गातच. मुलं पांढरी टोपी-एप्रन घालून वाढतात, कुणी मध्येच उठत नाही. जेवणानंतर किंवा शाळा सुटण्याआधी पंधरा-वीस मिनिटं झाडलोट. मुलं फरशी पुसतात, शिक्षकही फडकं घेतात. तासांनंतर क्लब. क्रीडादिनाला आईवडील, आजीआजोबा मैदानावर चटया टाकून बसतात. या सगळ्यातून गेलेला शिक्षक शनिवारी बाजारात गेला की भाजीवाला त्याला "अमुक वर्गातल्या मुलीचे सर" म्हणून ओळखतो. पण त्यासाठी एका वर्गाला तो पुरेशा वेळा दिसायला हवा. २०२० पासून पाचवी-सहावीला परकी भाषा हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास, म्हणजे आठवड्याला दोन. तिसरी-चौथीला ३५. एका एएलटीकडे सात-आठ शाळा दिल्या की एका वर्गाच्या वाट्याला तो महिन्यातून एकदा-दोनदा येतो. मुलांना त्याचं नाव आठवेपर्यंत तो दुसऱ्या गावात. अशा माणसाला शहर आवडलंच तर ते रविवारी एकट्याने फिरून आवडतं. शाळेचा त्यात हात नसतो.

जेटचा करार या बाबतीत कितीतरी बरा आहे. विमानभाडं, ठरलेला वार्षिक पगार, विमा, निवृत्तिवेतन, रजा सगळं लिहिलेलं. गावं शक्यतो लहान, आणि नेमणूक कुठे होणार ते उमेदवाराच्या हातात नाही. क्योतो मागावं आणि शिमानेचा एखादा मासेमारी बंदर असलेला कोपरा मिळावा, हे नित्याचंच. आणि नंतर त्या कोपऱ्यासाठी जीव टाकणारे माजी शिक्षकही भरपूर सापडतात. २०११ च्या त्सुनामीत जेटचे दोन अमेरिकी शिक्षक गेले. त्यांतली एक इशिनोमाकीच्या शाळांत शिकवत होती. तिच्या आईवडिलांनी निधी उभारून तिथल्या शाळांमध्ये वाचनाचे कोपरे उघडले. पुस्तकांची कपाटं करणारा सुतार तिच्याच विद्यार्थ्यांपैकी तीन मुलांचा बाप होता, आणि ती मुलंही त्याच लाटेत गेली होती. एखाद्या शहराने शिक्षिकेला आपलं मानलं होतं, याचा याहून ठळक पुरावा लागू नये.

तरी जेटच्या करारातही दोन ठिकाणी गोम आहे. पहिली तारखांची. बहुतेक शिक्षक जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये येतात, तेव्हा शाळेला सुटी असते. पहिले दोन-तीन आठवडे रिकाम्या खोलीत पंख्याखाली बसून जातात. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे तो वर्षाच्या मधेच टपकलेला असतो. आणि करार वाढवायचा की नाही हे विचारतात हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत. जपानी समुद्राच्या बाजूच्या गावांत तेव्हा आभाळ आठवडाभर उघडत नाही. घरांना सगळीकडे उष्णता खेळवणारी सोय नसते. रॉकेलच्या शेगडीसमोर बसावं तर पाठ गार. ओळखी अजून कच्च्या, भाषा तोकडी. अशा वेळी "पुढचं वर्ष राहणार का?" हा प्रश्न विचारणं म्हणजे 'नाही' हे उत्तर ओढवून घेणं. दीड महिन्याने पदवीदान होतं, मुलं रडतात, चेरी फुलते, आणि 'नाही' लिहिलेला माणूस हळहळतो. नव्या भरतीचा आकडा दिल्लीपासून लंडनपर्यंतच्या दूतावासांना वेळेत कळवायचा असतो, हे कारण मान्य. पण जानेवारीत कल विचारून एप्रिलअखेरपर्यंत निर्णय बदलण्याची मुभा देता येईल. काही जागा एप्रिलच्या भरतीतून भरता येतातच.

दुसरी गोम मोठी आहे. करार वर्षावर्षाचा, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. या पाचाशेजारी जपानचे दुसरे आकडे ठेवून पाहा. कायम निवासाचा सर्वसाधारण मार्ग: सलग १० वर्षं वास्तव्य, त्यातली किमान ५ नोकरीच्या किंवा निवासाच्या परवान्यावर. वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन मिळायला किमान १० वर्षांची वर्गणी लागते. २०१७ पूर्वी तर २५ लागत. देश सोडणाऱ्याला वर्गणीतला जो भाग एकरकमी परत मिळतो, त्याचीही गणना जास्तीत जास्त ५ वर्षांची, आणि तीही दोन वर्षांच्या आत मागितली तर. शिवाय परत घेतली की तेवढा काळ हिशेबातून पुसला जातो. म्हणजे शिक्षकाला नेमकं अर्ध्या वाटेवर उतरवलं जातं. पाचव्या वर्षी त्याच्यापुढे दोन रस्ते: पैसे घेऊन परत जा, नाहीतर त्याच शहरात, कधी त्याच शाळेत, एखाद्या कंपनीमार्फत कमी पगारावर उभा राहा. २०१३ पासून खासगी क्षेत्रात सलग पाच वर्षं मुदतीच्या कराराने काम केलेल्याला कायम कराराची मागणी करता येते. स्थानिक सरकारच्या सेवेतल्या माणसाला ती तरतूद लागूच नाही, आणि थेट नेमलेले शिक्षक २०२० पासून एक-एक आर्थिक वर्षाच्या नेमणुकीच्या चौकटीत बसवलेले आहेत.

यावर दिलं जाणारं उत्तर ऐकण्यासारखं आहे. जेट हा देवाणघेवाणीचा कार्यक्रम आहे, कायम भरतीचा नाही. माणसं परत गेली पाहिजेत, तिकडे जपानबद्दल चांगलं बोलली पाहिजेत, नव्यांना जागा मिळाली पाहिजे. साप्पोरोच्या शेती महाविद्यालयात १८७६ मध्ये आलेला विल्यम क्लार्क जेमतेम आठ महिने राहिला आणि आजही शहर त्याचे पुतळे मिरवतं; मग पाच वर्षं थोडी झाली का? हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. ओढ लागायला आठ महिनेही पुरतात. पण क्लार्कला संस्था उभारायची सूत्रं दिली होती, अभ्यासक्रम ठरवायचा अधिकार होता. 'सहायक' म्हणून बाजूला उभं राहून चित्रं दाखवणाऱ्याला आठ महिन्यांत तेवढं मिळत नाही. शिवाय परत जाऊन चांगलं बोलणारे राजदूत हा परराष्ट्र खात्याचा नफा. गावाला आणि मुलांना हवा असतो तो भाषा येणारा, गाव कळणारा, तिसऱ्या वर्षी खुलू लागलेला शिक्षक. त्याच वेळी त्याच्या जाण्याचे दिवस मोजायला सुरुवात झालेली असते.

खरं तर मार्ग कायद्यातच आहे. १९८८ च्या दुरुस्तीने 'विशेष परवाना' आला: शिक्षणशास्त्राची नेहमीची पदवी नसलेल्या पण विषय जाणणाऱ्या माणसाला, नेमणूक करणाऱ्याच्या शिफारशीवर आणि प्रांताच्या मंडळाच्या तपासणीनंतर, शिकवण्याचा पूर्ण परवाना देता येतो. तो त्याच प्रांतापुरता चालतो. मला हे बंधन दोष वाटत नाही. ज्या शहरात माणूस रमला तिथेच त्याला धरून ठेवायला ते सोयीचंच आहे. तीन वर्षं झालेल्या, जपानी भाषेच्या परीक्षेतली एन-२ (वरून दुसरी) पातळी गाठलेल्या सहायकाला मंडळाने स्वतःहून ही वाट दाखवावी. परवाना मिळाला की तो एकटा वर्ग घेऊ शकतो, गुण देऊ शकतो. पुढचा अडसर मात्र राहतो: १९९१ पासून सरकारी शाळांत परदेशी नागरिकाला बहुतेक ठिकाणी पूर्ण शिक्षकपद मिळत नाही, मुदत नसलेलं पूर्णवेळ व्याख्यातापद मिळतं. काम तेच, पण मुख्याध्यापकपदाचं दार बंद. हर्नच्या कथेचा शेवटही फार गोड नाही. नागरिकत्व घेतल्यावरही तोक्योच्या साम्राज्य विद्यापीठाने १९०३ मध्ये त्याचा करार जसाच्या तसा पुढे चालवला नाही, विद्यार्थ्यांनी विरोध करूनही.

आणखी एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. शहराची ओढ हेच मालकाच्या हातातलं हत्यार होतं. जोडीदार इथली, मूल इथल्या बालवाडीत, भाषा आता कुठे जमू लागली. असा माणूस ऑगस्टचा अर्धा पगार गिळतो, मिळेल त्या करारावर सही करतो. त्याला दुसऱ्या शहरात बरी नोकरी मिळेलही, पण त्याला दुसरं शहर नको असतं. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं आणि बोली लावताना ते हिशेबात धरलेलं असतं. "आवडतं ना इथे?" या प्रश्नाला हो म्हणणाऱ्याचा भाव पडतो.

मंडळांनी निदान निविदेपुरतं काही गोष्टी लिहून टाकाव्यात. ठेका नकोच, माणूस कंपनीकडूनच घ्यायचा असेल तर हाकेन, म्हणजे वर्गातलं बोलणं तरी कायदेशीर होईल. एका शिक्षकाकडे एक मुख्य शाळा आणि फार तर दोन जोडशाळा. पगार बारा महिने सारखा. बोलीत किमतीला अर्ध्याहून कमी गुण, आणि आधीच्या शिक्षकांना कायम ठेवण्याला वेगळे गुण. थेट नेमणूक महाग पडते हे कारण पोकळ आहे, कारण कंपनीचा नफा आणि तिचं कार्यालय यांचा खर्च शेवटी मंडळच भरतं. जेटच्या शिक्षकांसाठी तर केंद्र सरकार स्थानिक अनुदानात तरतूद करतं. थेट नेमलेल्या, सहाव्या वर्षात शिरलेल्या माजी जेट शिक्षकासाठीही तशीच तरतूद सुरू केली, तर छोट्या गावांना नव्या माणसाचं विमानभाडं, घराची अनामत, आठवडाभराचं प्रशिक्षण आणि पुन्हा पहिल्यापासून कचऱ्याचं कॅलेंडर समजावणं, हा सगळा खर्च वाचेल.